तो आकडा रस्त्याचा की उसाचा?

प्रश्न : सर, आमचं रान निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. पूररेषेसाठी विमानातून लेसर मोजणी झाली. अहवालात 'उंचीची अचूकता १० सेंटिमीटर' म्हटलंय. पण नकाशात आमचा उसाचा फड शेजारच्या रस्त्याला बरोबरीचा दिसतो. खरं तर तो हातभर खोल आहे. मग आकडा खोटा काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : खोटा नसावा, पण तो कुठला आहे ते आधी बघा. अचूकता तपासायला जमिनीवर चेक पॉइंट घेतात, म्हणजे काही ठिकाणची उंची वेगळी मोजून लेसरच्या उंचीशी ताडून बघतात. गाडीतून उतरून डांबरी रस्त्यावर घेतले की काम लवकर उरकतं. तसं झालं असेल तर ते १० सेंटिमीटर डांबराचे, तुमच्या फडाचे नव्हेत.

हजार मीटरवरून सोडलेला किरण खाली पोचेपर्यंत ताटाएवढा, कधी परातीएवढा पसरतो. उभ्या उसात तो बहुतेक पाल्यातच अडकतो. शेवटचं परावर्तनसुद्धा पाचटावरचं असू शकतं, आणि संगणक त्यालाच जमीन धरतो. ही चूक एकाच बाजूची, वरची. लाख बिंदूंची सरासरी काढा, ती जाणार नाही.

विमानाच्या कलाची गोष्ट वेगळी. उडताना विमान किती कललंय ते मोजण्यात ०.००५ अंशाची चूक झाली तर हजार मीटर खाली बिंदू सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला सरकतो. तुमच्या सपाट काठावर त्यानं उंची फारशी बिघडत नाही; खानापूरकडच्या ३० अंशांच्या उतारावर मात्र ५ सेंटिमीटरचा फरक पडतो.

आणि चेक पॉइंटही काही देवाचा शब्द नव्हे. येळ्ळूरच्या काळ्या रानात मी दिवसभर लेसरला नावं ठेवली. संध्याकाळी कळलं, माझ्याच मोजणीच्या काठीचं टोक ओल्या मातीत रुतत होतं. दुसऱ्या दिवशी खाली चकती लावली.

आता मोजणीवाल्यांना विचारा : हे १० म्हणजे आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), की ९५ टक्के विश्वासपातळीचा आकडा, म्हणजे शंभरातल्या ९५ चुका ज्याच्या आत बसतात तो? आरएमएसई असेल तर ९५ टक्क्यांना तो १.९६ पट, म्हणजे जवळजवळ २० होतो. पिकाखालचा आकडा वेगळा मागा. तिथं हा गुणाकार चालत नाही, कारण चुका एका अंगाला कललेल्या असतात. त्या लहान-मोठ्या क्रमानं लावून ९५व्या टक्क्यावरची बघतात.

ऊस तुटला की पाचट बाजूला ओढा आणि फडात १५-२० ठिकाणी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून उंची घ्या. सुरुवात मात्र मोजणीवाल्यांच्याच रस्त्यावरच्या चेक पॉइंटवरून करा, नाहीतर जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची (या दोन्ही एक नसतात) यांच्या घोळात तुमची वजाबाकी अडकेल.