कारचा चोर-अलार्म नेमका कसा चालतो? आणि रात्री उगाच का वाजतो?

तुम्ही विचारलंय की अलार्मला चोर आलाय हे कळतं कसं आणि तुमचा रात्री-अपरात्री बिनकामाचा का बोंबलतो. अहो त्याला चोर-बिर काही कळत नाही, दार उघडलं आणि गाडीला हादरा बसला एवढंच कळतं. मी काही मेकॅनिक नाही, पण सांगलीत विश्रामबागला आमच्या गल्लीत माझ्या जुन्या गाडीनं मला इतकं बदनाम केलं की शिकावंच लागलं.

दार उघडल्यावर चौकटीत रबराच्या टोपीखाली एक पिन दिसते बघा. दार लावलं की ती आत दाबलेली राहते, उघडलं की स्प्रिंगनं बाहेर येते आणि वायरीला बॉडीचं अर्थिंग मिळतं, म्हणजे सर्किट पुरं होतं, त्यावरच आतली लाईट लागते आणि नंतर बसवून घेतलेला अलार्म बहुतेक वेळा त्याच वायरीला जोडलेला असतो. रिमोटनं लॉक केल्यावर या वायरीत अर्थिंग आलं की सायरन आणि चारी इंडिकेटर सुरू.

हादऱ्यासाठी शॉक सेन्सर असतो. बऱ्याच सेन्सरमधे पिएझोचा तुकडा असतो, म्हणजे गॅसच्या लायटरमधे ठिणगी पाडतो तोच प्रकार, त्याला दणका बसला की वीज तयार होते. डबीवर एक बारका स्क्रू असतो, त्यानं किती हादऱ्याला वाजायचं ते ठरतं, आणि बसवणारा तो हमखास जास्त ठेवून देतो कारण गिऱ्हाईकासमोर काचेवर टिचकी मारून वाजवून दाखवायचं असतं ना! मग कारखाने चालू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रात्रभर जातात आणि प्रत्येकाला आमची गाडी सलामी देते. शेजारचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, "एकदाची चोरीला जाऊदे की ही, आम्ही झोपू तरी."

स्क्रू कमी केला तरी पावसात परत वाजायला लागली, तेव्हा आतली लाईट आपोआप मिणमिणताना दिसली. डिकीचा तसलाच पिनचा स्विच गंजलेला, मधेच अर्थिंग देत होता. स्वस्तातला स्विच बदलला आणि विषय संपला. तुम्हीपण आधी हेच बघा.

आता एक गैरसमज. सायरननं गाडी थांबत नाही, तो फक्त ओरडतो, आणि ओरडला तर कोण बघायला येतंय हे काकांवरून कळलंच. गाडी अडवतो तो इमोबिलायझर. चावीच्या प्लास्टिकमधे चिप असते, तिला स्वतःचा सेल नसतो, चावी घालायच्या भोकाभोवती कॉईल असते ती तिला वीजही देते आणि कोडही वाचते. कोड जुळला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन चालूच होऊ देत नाही, म्हणून नुसती चावीची नक्कल करून भागत नाही. तुमच्या गाडीला हे कंपनीतूनच असेल तर वरनं महागडा अलार्म घालू नका, त्यात वायरी कापून जोडणारा अडाणी निघाला तर नसती बिलामत.

आणि गाडी महिनाभर लावून गावाला जाणार असाल तर बॅटरीची वायर काढून ठेवा. अलार्मनं सतत 20 मिलिअँपिअर जरी खाल्ले तरी महिन्याला 14-15 अँपिअर-अवर होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 च्या आसपास.