कयाक मोहिमेत मिळालेला विश्रांतीचा दिवस गाडीने आउटबॅकमध्ये फिरण्यात घालवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने बरेच आठवडे चालणारी कयाक मोहीम आहे, एक्समाउथ गावाला एक दिवस मुक्काम आहे. सोबतचे म्हणतात गाडी काढून आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या निर्जन मुलखात, डोंगरात चक्कर मारू, आणि तुम्हाला वाटतंय की त्यापेक्षा खांद्यांना आराम द्यावा.

माझं उत्तर : जा. पण पहाटे निघा, जवळच जा आणि दुपारच्या जेवणाला परत या.

मी पर्थला राहते. कोरल बेवरून उत्तरेला, नॉर्थ वेस्ट केपला वळसा घालून एक्समाउथ आणि पुढे ऑन्स्लोच्या दिशेने मी वल्हवत गेले आहे. त्यामुळे तुम्ही दमून जिथे पोचणार आहात ती जागा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिथून आत जा म्हणते ते निसर्ग सुंदर आहे म्हणून नाही (आहेच). कयाकमध्ये बसून ज्या समुद्राशी रोज झुंजावं लागतं, त्याची बरीचशी कारणं जमिनीवर आहेत, आणि ती एकदा डोळ्यांनी बघितली की पुढचा प्रवास अधिक समजून करता येतो.

वाऱ्याचंच घ्या. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शाळेत शिकलो, पण त्या किनाऱ्यावर त्यांचा जोर वेगळाच असतो. सकाळी पूर्वेचा कोरडा वारा जमिनीकडून सुटतो. किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट दिसतं आणि तीच फसवणूक असते, कारण तो वारा तुम्हाला गुपचूप बाहेर, रीफच्या (किनाऱ्यासमोरच्या प्रवाळरांगेच्या) दिशेला ढकलत असतो. दुपारी दक्षिण-नैर्ऋत्येचा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत घोंघावतो. म्हणून तर तिथे बहुतेक जण दक्षिणेकडून उत्तरेला वल्हवतात. हा बराचसा खेळ रात्री निवणाऱ्या आणि दिवसा तापणाऱ्या आतल्या जमिनीचा आहे. केप रेंज, म्हणजे एक्समाउथजवळची डोंगररांग, तिच्या माथ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की सकाळचा वारा पाठीमागच्या आखातावरून येऊन डोंगर ओलांडताना आणि पश्चिमेच्या घळींत शिरताना अंगावर जाणवतो. आम्हाला पाण्यात अधूनमधून बाजूने अचानक झोत बसायचे. ते नेमके घळींच्या तोंडासमोरच का बसत होते, हे मला तिथे वर उभं राहिल्यावर उमगलं. पुढच्या दिवसांत नकाशावर घळ दिसली की आम्ही आधीच किनाऱ्याला चिकटायचो.

कुठे जायचं? चार्ल्स नाइफ कॅन्यन. गावातून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर फाटा लागतो आणि रस्ता डोंगराच्या कण्यावरून सुमारे 300 मीटर उंचीपर्यंत चढतो. दोन्ही बाजूंना लालसर-पिवळ्या चुनखडीच्या दऱ्या आणि पूर्वेला एक्समाउथचं आखात. शेजारच्याच शॉटहोल कॅन्यनचा कच्चा रस्ता दरीच्या तळातून जातो. 1950 च्या दशकात तेल शोधणाऱ्यांनी भूकंपलहरींच्या चाचणीसाठी इथे भोकं पाडून सुरुंग उडवले होते. 1953 मध्ये इथून दक्षिणेला रफ रेंजमध्ये तेल लागलंही. पाऊस झाला असेल तर शॉटहोलचा रस्ता बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा.

वर पोचलात की गाडीतून उतरा आणि कातळाजवळ जाऊन बघा. एखाद्या ताज्या तुटलेल्या कडेवर मसूर डाळीएवढ्या चपट्या चकत्या एकमेकींवर रचलेल्या दिसतील. त्या एकपेशीय समुद्री जीवांच्या कवचांच्या आहेत. हा अख्खा डोंगर समुद्राच्या तळाशी साचलेला आणि नंतर वर उचलला गेलेला आहे. मी बोट फिरवून बघितलं, तर माझ्या नखांच्या कडेला मिठाने पडलेल्या चिरांत ती पांढरी पूड शिरली आणि चांगलीच चुरचुरली. डोंगराच्या पश्चिम उतारावर जुन्या समुद्रपातळीच्या पायऱ्या आहेत. कयाकमधून येताना त्या तुम्हाला दिसल्याच असतील.

आणि एक गोष्ट, जी मला फार जवळची वाटते. याच डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी मंडू मंडू क्रीकच्या शैलाश्रयात उत्खननात शंखांचे 22 मणी सापडले, सुमारे 32,000 वर्षांपूर्वीचे. तेव्हा समुद्राची पातळी बरीच खाली होती, पण इथली सागरी मंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, पट्टी अरुंद असल्यामुळे किनारा इतर ठिकाणांसारखा फार दूर गेला नाही. माणसं शंख गोळा करून, भोकं पाडून ओवत होती. तुम्ही ज्या किनाऱ्यासमोरून वल्हवत आलात तिथेच. मूळ रहिवाशांच्या या जागा आहेत, म्हणून कुठल्याही गुहेत शिरू नका आणि काही उचलू नका.

आता खांद्यांचं. तुमची काळजी रास्त आहे, पण दिवसभर तंबूत पडून राहिलात तर अंग जास्त आखडतं. खांदे आणि मनगटं थकलेली असतात, पाय मात्र कॉकपिटमध्ये दुमडून नुसते पडलेले असतात. त्यांना हवं असतं चालणं. म्हणूनच तासन् तास गाडीत बसायचा बेत नको, ते परत तेच बसणं झालं. कुणी करिजिनी राष्ट्रीय उद्यानाचं नाव काढलं तर ठाम नाही म्हणा. एका बाजूला 600 किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. जाऊन-येऊन दोन तासांपेक्षा जास्त गाडी नको, आणि तेवढाच वेळ पायी हिंडा. पायात बूट हवेत. स्पिनिफेक्स गवताची टोकं सुईसारखी टोचून आत मोडतात, आणि सतत ओल्या राहिलेल्या कातडीत अशी जखम लवकर चिघळते.

गाडी भाड्याची असेल तर करार नीट वाचा. कच्च्या रस्त्यावर आणि अंधारात गाव सोडून चालवायला बऱ्याचदा मनाई असते, विमाही लागू होत नाही. आमच्यापैकी एकीचा नवरा स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह घेऊन किनाऱ्याने मागून येत होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. न्यूझीलंडच्या पॉल कॅफिन या कयाकपटूने 1982 मध्ये 360 दिवसांत ऑस्ट्रेलियाची पहिली कयाक प्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा त्याच्याही दिमतीला गाडी घेऊन मदतनीस होते. लांब मोहिमेला ही सोय फार मोलाची.

अर्ध्या दिवसाचा फेरफटका असला तरी माणशी पाच लिटर पाणी गाडीत ठेवा. फोनची रेंज गाव सोडलं की भरवशाची नाही. पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारं खिशातलं यंत्र) एरवी लाइफ जॅकेटच्या खिशातच राहतो, तो आठवणीने काढून सोबत घ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. आणि उशीर झालाच तरी संध्याकाळ होण्याआधी परत या, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. एमू तर भर दिवसा गावातूनही फिरत असतात.

परत आल्यावर जेवून तास-दीड तास झोप काढा. मग कयाक : गोड्या पाण्याने धुणं, रडरच्या (सुकाणूच्या) तारा आणि हॅचची (सामानाच्या कप्प्यांची) झाकणं तपासणं, कपडे वाळवणं. ही कामं उजेडातच उरका, कारण एक्समाउथनंतर आखात ओलांडायचं आहे आणि त्यासाठी पहाटे लवकर पाण्यात उतरावं लागेल. मात्र मुक्काम वाऱ्यामुळे पडला असेल आणि वारा केव्हाही उतरण्याची शक्यता असेल, तर डोंगर राहू द्या. गावातच थांबा आणि सकाळ-संध्याकाळ हवामानाचा अंदाज बघत राहा.