मसाल्याच्या पाकिटावरचा गोलातला आर

प्रश्न : काका, नमस्कार. सासूबाईंच्या नावाने मी गोडा मसाला आणि मेतकूट विकते. त्या नावासाठी तीन महिन्यांपूर्वी ट्रेडमार्कचा अर्ज केला, अर्ज क्रमांकही आलाय. आता पाकिटं छापून आली, तर 'गोडा मसाला' या शब्दांपुढे गोलात आर! डिझाइनवाला म्हणतो, "सगळेच टाकतात, पाकीट भारी दिसतं." तीन हजार पाकिटं आहेत, वापरू का? सोबत पाककृतींची पुस्तिका देते. तिच्यावर गोलातला सी टाकायला नोंदणी लागते का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, आहेत तशी वापरू नका. गोलातला आर म्हणजे नोंदणी झालेलं चिन्ह. वेटिंगच्या तिकिटावरही नंबर असतो, म्हणून बर्थ मिळाला असं होत नाही. तुमच्या अर्ज क्रमांकाचं तसंच आहे. अजून तपासणी व्हायची, आक्षेप आला तर उत्तर द्यायचं, मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या जाहीर पत्रिकेत येणार, त्यानंतर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आर टाकणं म्हणजे खोटा दावा, आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 प्रमाणे त्याला दंड आहे.

दुसरी गंमत म्हणजे आर चिकटलाय कुठे, तर 'गोडा मसाला'ला! ते नाव घराघरातलं, तुमच्या एकटीच्या मालकीचं कसं होणार? चिन्ह शोभतं ते सासूबाईंच्या नावापुढे. तिथे आजपासून टीएम टाका. त्याला परवानगी लागत नाही, अर्जही लागत नाही. 'हे नाव आमचं' एवढंच ते सांगतं. मात्र नोंदणीआधी कुणी तुमच्या नावाने माल विकू लागला, तर ते नाव तुम्ही आधीपासून वापरताय आणि गिऱ्हाईक तुम्हाला त्या नावाने ओळखतं, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. म्हणून जुनी बिलं, प्रदर्शनातल्या स्टॉलचे फोटो जपून ठेवा.

डिझाइनवाल्यावर फार रागावू नका. माझा छापखाना होता तेव्हा पेढ्यांच्या दोन हजार खोक्यांवर मीच हौसेने आर टाकला होता, तोही सोनेरी फॉइलमध्ये. गिऱ्हाइकाच्या वकिलाने पाहिला आणि खोकी परत आली. काळ्या मार्करने खोडायला बसलो, तर फॉइलवर शाई धरेना, अंगठ्याला मात्र लागे. शेवटी रुपयाएवढे गोल स्टिकर छापले, 'साजूक तुपातले', आणि बायको आणि मी दोन रात्री चिकटवत बसलो. स्टिकरचे पैसेही माझ्याच खिशातून गेले.

तुमच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावरही मार्कर टिकणार नाही, स्टिकरच लावा. त्याखाली वजन, किंमत किंवा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांक झाकला जात नाही ना, ते बघा. आणि पुढे प्रमाणपत्र आलं तरी ते अर्जातल्या वर्गापुरतंच, म्हणजे मालाच्या त्या गटापुरतंच. मसाले येतात वर्ग 30 मध्ये, भाज्यांची लोणची 29 मध्ये. उद्या त्याच नावाने लोणचं काढलंत, तर मसाल्याचा आर त्या बरणीवर चालणार नाही.

पुस्तिकेचं सोपं आहे. गोलातला सी म्हणजे कॉपीराइट, तुमच्या लिखाणावरचा हक्क. त्याला नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हाच तो तुमचा झाला. गोलातला सी, साल आणि तुमचं नाव एवढं पहिल्या पानामागे छापा. छापलं नाही म्हणून हक्क जात नाही, पण उचलणारा जरा कचरतो. हक्क तुमच्या वाक्यांवर, पाककृतीवर नाही. तुमची पुस्तिका वाचून शेजारीण तशीच आमटी करून विकू लागली, तर तिला अडवता येणार नाही.

आता न विचारलेलं एक सांगतो. पुस्तिकेतले फोटो कुणी काढले? पैसे देऊन काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसताना हक्क तुमचा. घरच्या भाच्याने फुकट काढले असतील, तर हक्क भाच्याचा, आणि तुमच्या नावाचा सी त्यांना लागू नाही. त्याच्याकडून हक्क लेखी घ्या, खाली त्याची सही हवी. मुदतही लिहा; नाही लिहिली, तर कायदा पाचच वर्षं धरतो.