आधी नाडी ओवून बघ

पॉलिमर, म्हणजे साखळीसारखा लांब रेणू, बारीक छिद्रातून कसा पार होतो याच्या सिम्युलेशनचा कोड नंतर लिही; आधी पायजम्यात नाडी ओव. थट्टा नाही. निम्मा वेळ टोक आत घालण्यात जातो. पॉलिमरचंही तेच: सैल गुंतवळ्याचं मोकळेपण, म्हणजे एंट्रॉपी, गमावल्याशिवाय साखळी छिद्रात शिरत नाही.

१९९६ मध्ये संशोधक कासियानोविच आणि सहकाऱ्यांनी अल्फा-हिमोलायसिन या प्रथिनाच्या छिद्रातून आरएनए, म्हणजे एकपदरी पॉलिमर, विजेच्या ओढीने पार नेला. छिद्राची सर्वांत अरुंद जागा जेमतेम दीड नॅनोमीटर. दुपदरी डीएनए २ नॅनोमीटर जाड, तो तिथे अडतो.

अख्खा गुंतवळा एकदम हलतो असं मात्र धरू नकोस. मी धरलं होतं, सहा महिने वाया गेले. ढिगातला दोर जोरात ओढ: जवळचे वेढे ताणले जातात, मागच्यांना पत्ताच नसतो. ताण सावकाश मागे पोचतो. म्हणून खूप लांब साखळीत मणी, म्हणजे सिम्युलेशनमधले साखळीचे तुकडे, दुप्पट केले की पार जायचा वेळ जवळजवळ तिप्पट होतो. तुझ्या शंभर मण्यांच्या साखळीत तो आकडा कमीच येईल, घाबरू नकोस.

आणि हो, टोक छिद्रात धरून ठेवून बाकीची साखळी आधी नीट सैल होऊन स्थिरावू दे. सिम्युलेशनच्या ज्या फेऱ्यांत साखळी छिद्रातून मागे निसटली त्या सरासरीत नकोत, पण त्यांची संख्या वहीत हवी.