डिक्शनरीतली मोजणी चुकते तेव्हा

पायथनच्या डिक्शनरीत (की आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या संग्रहात; इथे की म्हणजे शब्द, किंमत म्हणजे त्याची मोजणी) फाइलमधले शब्द मोजताना पहिल्याच शब्दाला 'कीएरर' येतो. पायथन पुन्हा इन्स्टॉल करू का?
नको. जी की डिक्शनरीत अजून नाही, तिच्यात 1 मिळवू पाहताय. 'गेट' वापरा, की नसेल तर घ्यायची किंमत म्हणून दुसरं आर्ग्युमेंट 0 द्या, मग 1 मिळवा.

मित्र म्हणतो, 'ट्राय-एक्सेप्ट-पास' (एरर आला तर गप्प पुढे जा) घातलं की एरर जातो.
एरर जातो आणि डिक्शनरी रिकामी राहते. असले सल्ले ऐकू नका. एररची शेवटची ओळ वाचा.

शेवटी डिक्शनरीत एकच की उरते, तिची मोजणीही 1.
रिकामी डिक्शनरी लूपच्या (दर शब्दाला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत तयार होतेय. ती ओळ लूप सुरू करणाऱ्या 'फॉर'च्या वर न्या.

भाज्यांच्या फाइलमध्ये 'वांगी' दोनदा दिसते: एकदा 12, एकदा 1. एक की दोनदा येते का?
कधीच नाही. त्या दोन वेगळ्या की आहेत, फक्त दिसायला सारख्या. 'प्रिंट'वर विसंबू नका. की अदृश्य चिन्हंही दाखवणाऱ्या 'रेप्र'मधून छापा. 12 वेळा आलेल्या कीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह) असेल, फाइलच्या शेवटच्या ओळीला ती नसेल. कडेची न्यूलाइन आणि रिकाम्या जागा काढणारं 'स्ट्रिप' लावा, तेही मोजण्याआधी.

पण 'स्ट्रिप'ने सगळं सुटत नाही. नोटपॅडमध्ये 'बीओएम'सह (फाइलच्या सुरुवातीच्या खुणेसह) सेव्ह केलेल्या फाइलच्या पहिल्या शब्दाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं, ते तसंच राहतं. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-8-सिग' द्या. आणि मराठीचं खास दुखणं म्हणजे 'कैऱ्या'. कुणी ऱ आणि हलन्ताने लिहितो, कुणी र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनरने (अक्षरं जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाने). स्क्रीनवर फरक शून्य, की मात्र दोन. सारखी अक्षरं एका रूपात आणणारं युनिकोडचं 'नॉर्मलाइझ'ही त्यांना एक करत नाही. म्हणून जॉइनर सरसकट पुसाल, तर 'कैर्या' होईल! दुसरी जोडणी 'रिप्लेस'ने पहिलीत बदला. हिशेब पैशाचा असेल तर वीसेक ओळी हाताने मोजून ताळा घ्या. जुळला नाही तर शिक्षकांना मूळ फाइल दाखवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकं हेच दिसत नाही.

शब्दांऐवजी अक्षरं मोजली जातात.
ओळीचे शब्द पाडणारं 'स्प्लिट' राहिलं. काना-वेलांट्याही सुट्या मोजल्या गेल्या असतील, बघा.

एका क्लासमध्ये 'काउंटर' शिकवायची वेगळी फी आहे. घेऊ का?
'काउंटर' पायथनसोबतच येतो, 'कलेक्शन्स' मॉड्यूलमध्ये, पायथनच्या 2.7 आणि 3.1 आवृत्त्यांपासून. एका ओळीत मोजतो. अस्वच्छ की मात्र तोही वेगवेगळ्याच मोजेल. फी भरण्याआधी आपल्या शिक्षकांना विचारा.