म्हापशाच्या बाजारात मिळालेली ही बिननावाची गिटार कोणती?

तुम्ही लिहिलंय: काळं, छोटं, पण वजनाला भारी अंग, सहा तारा आणि तारांवरून कमान करून गेलेले घोड्याच्या नालेसारखे दोन लोखंडी तुकडे. ते तुकडे म्हणजेच पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाची, चुंबकं. माझ्या मते ही रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीची बेकेलाइटची (जुनं कडक प्लास्टिक) लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, १९३५ नंतरची. आपल्याकडे हिला हवाईयन गिटार म्हणतात. गिटारवादक वान शिप्लेंची आठवते ना, त्याच जातीची.

खात्री करायची तर पट्टी घेऊन चुंबकाची रुंदी मोजा. दीड इंच भरली तर दुसऱ्या महायुद्धाआधीची, सव्वा इंच भरली तर नंतरची. अंगावरच्या पत्र्याच्या झाकण्याही बघा: क्रोमच्या असतील तर जुन्या, पांढऱ्या रंगवलेल्या असतील तर त्यामानाने नव्या. फ्रेट (मानेवरच्या आडव्या रेघा) वेगळे ठोकलेले नसून बेकेलाइटमध्येच उठवलेले असायला हवेत. तसे नसतील तर माझा अंदाज चुकला, फोटो टाका.

चुंबकं काढून साफ करू नका हं, ताकद कमी होते. आणि सोबत जुना अमेरिकन अँप्लिफायर मिळाला असेल तर तो थेट आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, जळेल. आधी व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणा.