‘%’ टाकलं की काम होतं, पण… (वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. बिलिंगच्या कॉम्प्युटरवरून रोजचे भाव थेट वेबसाइटच्या डेटाबेसात जावेत म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या) ‘रिमोट मायएसक्यूएल’मध्ये, म्हणजे बाहेरून कुठल्या आयपीवरून डेटाबेसला जोडता येईल त्या यादीत, ‘%’ टाकून दिलंय. चालतंय झकास. धोका आहे का?

आहे. ‘%’ म्हणजे जगातल्या कुठल्याही आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) तुमच्या डेटाबेसात लॉगिन करून बघायची मुभा. ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचं नेहमीचं दार) उघडं दिसलं की इंटरनेट चाळणारे स्कॅनर प्रोग्रॅम आपोआप पासवर्ड लावून बघत बसतात, तुमची पेढी कुणाला ठाऊक असायची गरज नाही. २०१७ साली असे उघडे डेटाबेस पुसून आत खंडणीची चिठ्ठी ठेवायची लाटच आली होती. पैसे भरले तरी डेटा परत मिळेल याची खात्री नव्हती.

आजच ते ‘%’ काढा, पासवर्डही बदला. भाव पाठवायला डेटाबेस बाहेर उघडायचं मुळात कारणच नाही. वेबसाइटवर एक छोटी पीएचपी फाइल ठेवा. ती गुप्त किल्ली तपासून एचटीटीपीएसवरून भाव घेईल आणि लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतूनच, टेबलात लिहील. सॉफ्टवेअरवाला कुरकुर करेल, करू दे.

साताऱ्यात घरून काम करतो. ‘रिमोट मायएसक्यूएल’च्या यादीत माझाच आयपी टाकतो, पण तो सारखा बदलतो. हॉटस्पॉटवर तर विचारूच नका.

मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्याबरोबर त्या सगळ्यांनाही वाट मिळते. होस्टिंगवाल्याकडून एसएसएच (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) मागून घ्या. डीबीव्हर किंवा हायडीएसक्यूएल या डेटाबेस हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये एसएसएच टनेल (त्या लॉगिनमधून जाणारी बंदिस्त वाट) लावा, डेटाबेसचा होस्ट १२७.०.०.१ (लोकलहोस्टचाच आयपी) ठेवा. मग रिमोटची यादी रिकामी ठेवली तरी चालतं.

आमच्या कराडच्या संस्थेची दुसरी साइट वेगळ्या होस्टिंगवर आहे. फक्त त्या सर्व्हरचा आयपी यादीत घातलाय. मग निर्धास्त?

अर्धेच. तोही सर्व्हर शेअर्ड (अनेक ग्राहकांत वाटलेला) असेल तर त्या आयपीमागे इतरांचीही खाती आहेत, आणि त्यातलं एखादं हॅक झालं तर तिथूनही तुमच्याकडे प्रयत्न होऊ शकतो. त्या साइटसाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा आणि नुसतं वाचायचं असेल तर फक्त ‘सिलेक्ट’ (वाचायचा अधिकार) द्या. ‘ऑल प्रिव्हिलेजेस’वर (सगळ्या अधिकारांवर) टिक मारायची सवय मोडा. आणखी एक, पीएचपीतून जोडताना एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) सांगितल्याशिवाय चालू होत नाही, ते कोडमध्ये बघून घ्या.

पासवर्ड वीस अक्षरी आहे. एवढं पुरे ना?

लांब पासवर्ड बरा, पण वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलची (हा पासवर्ड तिच्यातच लिहिलेला असतो) ‘.बॅक’ (.bak) नावाची जुनी प्रत पब्लिक फोल्डरमध्ये पडलेली नाही ना, ते आधी बघा. तशी प्रत ब्राउझरमध्ये साध्या मजकुरासारखी उघडते, पासवर्डसकट.